लहान मुलांचा खोकला : धीर केव्हा धरावा व धाव केव्हा घ्यावी



वसंत व्याख्यानमालेत इतिहास, साहित्य, शेती, समाजकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपल्याला सवय आहे. त्या मानाने लहान मुलांचा खोकला हा विषय अगदीच घरगुती वाटेल. पण देवगाव रंगारीसारख्या गावात, मार्गशीर्ष-पौषाच्या थंडीत किंवा मृगाचा पाऊस पडून गेल्यावर, ज्या घरात एखादे मूल खोकत नाही असे घर शोधून काढावे लागेल. घरोघर असलेल्या या गोष्टीविषयी आपली समजूत मात्र दोन टोकांची असते. एकीकडे साध्या सर्दीच्या खोकल्यासाठी आपण तालुक्याच्या गावापर्यंत धावतो, सुई मागतो, बाटल्यांवर बाटल्या पाजतो. दुसरीकडे मूल खरोखर धापा टाकू लागले, तर 'छाती भरली आहे, शेक द्या, सकाळी बघू' म्हणून रात्र काढतो. पहिल्या चुकीत पैसा जातो, क्वचित औषधच बाधते. दुसऱ्या चुकीत मूल हातचे जाते. म्हणून या दोहोंतला फरक घरच्या घरी कसा ओळखावा, एवढेच आज सांगावयाचे आहे.

खोकला म्हणजे काय ?

पहिली गोष्ट अशी की खोकला हा रोग नव्हे. ती शरीराची राखणदारी आहे. आपल्या श्वासनलिकेच्या आतल्या बाजूस अतिशय बारीक केसांचे अस्तर असते व त्यावर चिकट द्रवाचा पातळ थर असतो. श्वासाबरोबर आत आलेली धूळ व जंतू त्या थराला चिकटतात आणि ते बारीक केस एका लयीत हलत तो केर घशाकडे ढकलीत राहतात. शेतातून पाणी वाहावे तसा हा प्रवाह रात्रंदिवस चालू असतो. केर जास्त झाला, कफ दाटला किंवा नको ती वस्तू आत गेली, म्हणजे नलिकेतील मज्जातंतू मेंदूस वर्दी देतात. मग आपण खोल श्वास घेतो, कंठाचे दार क्षणभर घट्ट मिटते, छातीचे व पोटाचे स्नायू दाब देतात आणि दार एकदम उघडताच आतली हवा जोराने बाहेर पडते. तोच खोकला.

यावरून हे उघड होईल की खोकला बळेच दाबून टाकणे म्हणजे चोर घरात असताना कुत्र्याचे तोंड बांधण्यासारखे आहे. विचारावयाचे ते असे की हा खोकला कशामुळे येत आहे ? आणि त्याहून महत्त्वाचे, खोकला नसतो त्या वेळी मूल श्वास कसा घेत आहे ?

सर्दीचा खोकला

शंभर खोकल्यांतील बहुतेक खोकले साध्या सर्दीचे असतात. सर्दी विषाणूंमुळे होते. लहान मुलाला वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी होणे हे वावगे नाही. अंगणवाडीत किंवा शाळेत नव्याने जाऊ लागलेल्या मुलास तर त्याहूनही अधिक वेळा होते, कारण प्रत्येक नव्या विषाणूशी शरीराची ओळख पटावी लागते. नाक वाहते, थोडा ताप येतो, आधी कोरडा व मग ओला खोकला येतो. रात्री आडवे झाल्यावर नाकातील शेंबूड घशात उतरतो, म्हणून खोकला रात्री वाढल्यासारखा वाटतो. मूल खेळते, खाते-पिते, श्वास शांत असतो. असा खोकला बहुधा दहा-बारा दिवसांत बसतो. काही मुलांचा तीन आठवडेही रेंगाळतो.

प्रतिजैविक औषधांचा विषाणूंवर काडीचाही परिणाम होत नाही. ती औषधे जिवाणूंसाठी आहेत. तेव्हा सर्दीला 'भारी गोळी' मागून घेणे म्हणजे उंदरासाठी तोफ आणण्यासारखे असून, त्यात तोफेचा दारूगोळा मात्र वाया जातो. पुढे खरी गरज पडेल त्या वेळी जंतू त्याच औषधांना जुमानत नाहीसे होतात.

आवाजावरून ओळख

काही खोकले कानाने ओळखता येतात. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलास, बहुधा रात्री अचानक, कुत्रा भुंकावा तसा घोगरा खोकला सुरू होतो व श्वास आत घेताना घशात घरघर होते. येथे कंठाचा भाग सुजलेला असतो. मूल रडेल तसा त्रास वाढतो, म्हणून त्याला कडेवर उभे धरून शांत ठेवावे. मूल शांत असतानाही श्वास घेताना घरघर ऐकू येत असेल, तर डॉक्टर गाठावाच. औषधाच्या एका मात्रेनेही पुष्कळदा उतार पडतो.

दुसरा आवाज शिट्टीचा. श्वास सोडताना छातीत सूंऽऽ असा बारीक आवाज येतो. दोन वर्षांच्या आतील बाळात हे बहुधा बारीक श्वासनलिका सुजल्याने होते व त्यामागे विषाणूच असतो. मोठ्या मुलात असे वारंवार होऊ लागले, पहाटे खोकला येऊ लागला, धावल्यावर, हसल्यावर, धुराने किंवा पीक मळण्याच्या धुळीने तो उठू लागला, तर तो दमा असू शकतो. 'आमच्या घराण्यात दमा नाही' म्हणून आईबाप हा शब्द ऐकून घेण्यास तयार नसतात. नाव टाळले म्हणून रोग टळत नाही. दम्याचे ओढावयाचे औषध, ज्याला सगळे 'पंप' म्हणतात, त्याची सवय लागते हा समज खोटा आहे. ते थेट फुप्फुसात जात असल्याने अगदी थोडक्या मात्रेत काम करते व पोटातून घ्यावयाच्या औषधापेक्षा सौम्य पडते.

तिसरा आवाज डांग्या खोकल्याचा. मूल एका दमात खोकत राहते, तोंड लाल-निळे होते, मग 'हूऽप' असा आवाज करीत श्वास आत ओढते व पुष्कळदा ओकते. हा खोकला महिना-महिना चालतो. त्याचा जंतू 1906 मध्ये बॉर्डे व झांगू या शास्त्रज्ञांनी वेगळा काढून दाखविला व पुढे त्यावर लस निघाली. तान्ह्या बाळात 'हूऽप' ऐकूही येत नाही. ते खोकता खोकता श्वासच थांबवते. म्हणून बाळाला सहा, दहा व चौदा आठवड्यांनी पंचगुणी लस व पुढे दीड-दोन वर्षांच्या सुमारास आणि पाच-सहा वर्षांनी त्रिगुणी लसीच्या मात्रा वेळेवर द्यावयाच्या. याच लशींनी घटसर्पासही अटकाव होतो.

शेंगदाण्याचा खोकला

मूल अगदी बरे होते, खेळत होते, आणि अचानक ठसका लागून खोकू लागले, तर ताप-सर्दीचा विचार करू नये. तोंडात काय होते ते आधी पाहावे. आपल्याकडे शेंगदाणा, हरभरा, चिंचोका, सीताफळाची बी या वस्तू मुलांच्या हाती सहज पडतात. दाढा नीट न आलेल्या मुलास शेंगदाणे व फुटाणे देऊच नयेत. ठसका लागलेले मूल जोराने खोकत असेल, तर त्याला खोकू द्यावे. तोच उत्तम उपाय आहे. घशात आंधळेपणाने बोट घालू नये, वस्तू अधिक खोल जाते. आवाज बंद झाला, श्वास येईना, तर वर्षाच्या आतील बाळास हातावर पालथे, डोके खाली करून धरावे, खांद्यांच्या मध्ये पाच थापा द्याव्यात व मग उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच वेळा दाब द्यावा. मोठ्या मुलासही थापा द्याव्यात, आणि न निभावल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर, आत व वर असा झटका द्यावा. ठसका थांबला तरी त्यानंतर रोज खोकला येत राहिला, एका बाजूच्या छातीत शिट्टी वाजू लागली, तर दाणा आत अडकलेला असू शकतो. तो दुर्बिणीने काढावा लागतो. सिरपाने तो विरघळत नाही.

गडचिरोलीने शिकविलेली गोष्ट

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. खोकल्याच्या पोटात लपून येणारा व मुलांचा घात करणारा रोग म्हणजे न्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसाचा दाह. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे 2019 या एका वर्षात जगात पाच वर्षांच्या आतील सुमारे 7 लाख 40 हजार बालके न्यूमोनियाने दगावली. आपल्याकडील म्हातारी माणसे या रोगाला 'पोट उडते', 'डबा झाला' असे म्हणत आली आहेत. नाव काहीही असो, त्यांची नजर बरोबर जागी होती, म्हणजे श्वासावर होती. चूक उपचारात होती. बिब्ब्याचे किंवा तापल्या लोखंडाचे चटके देणे, पोटावर डागणे, याने फुप्फुसातील जंतू मरत नाहीत. आजारी बाळाच्या अंगावर आणखी एक जखम तेवढी होते.

क्ष-किरणाचे यंत्र नाही, डॉक्टर नाही, अशा खेड्यात न्यूमोनिया ओळखावयाचा कसा, या प्रश्नाचे एक मोलाचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात मिळाले आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गडचिरोली जिल्ह्यात खेड्यातीलच आरोग्यसेवक व सुईणी यांना न्यूमोनिया ओळखण्याचे व औषध देण्याचे शिक्षण दिले. ओळख पटविण्याची रीत साधी होती : मिनिटाचे श्वास मोजावयाचे. ज्यांना मोठे आकडे मोजता येत नसत त्यांच्यासाठी एक साधे उपकरण केले. त्यात मिनिटभराचे वाळूचे घड्याळ व शेजारी मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवावयाचा. वाळू संपण्यापूर्वी लाल मण्याची पाळी आली, म्हणजे न्यूमोनिया समजावयाचा.

या प्रयोगाची हकीकत 1990 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जेथे हे काम चालले त्या गावांत न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू हजारी 8.1 होते. शेजारच्या, जेथे हे काम नव्हते त्या गावांत ते हजारी 17.5 होते. म्हणजे निम्म्याहून अधिक फरक. या सेवकांनी उपचार केलेल्या 612 मुलांपैकी दगावण्याचे प्रमाण शेकडा 0.8 होते. इतर गावांत न्यूमोनिया झालेल्या मुलांत तेच प्रमाण शेकडा 13.5 होते. अक्षरओळख नसलेल्या सुईणीला जे साधले, ते हाती घड्याळ व मोबाईल असलेल्या आपल्याला का साधू नये ?

मिनिटभराची परीक्षा

ही परीक्षा अशी करावी. मूल झोपलेले किंवा शांत असावे. रडताना, दूध पिताना मोजू नये. अंगावरचा सदरा वर करावा व पोट-छातीकडे पाहत, घड्याळ लावून पुरा एक मिनिट श्वास मोजावेत. अर्ध्या मिनिटाचे दुप्पट करू नयेत, कारण बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला 60 किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत 50 किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत 40 किंवा अधिक श्वास भरले, तर तो वेगवान श्वास समजावा. ताप असल्यास श्वास थोडा वाढतो. तेव्हा ताप उतरल्यावर पुन्हा मोजावे, पण त्या निमित्ताने रात्र घालवू नये. आणि बाळ दोन महिन्यांच्या आतील असेल, तर वेगवान श्वास दिसताच वाट पाहू नये. त्याला लागलीच दवाखान्यात न्यावे.

दुसरी खूण छातीची. श्वास आत घेताना छाती फुगावयास हवी. त्याऐवजी बरगड्यांच्या खालचा भाग आत ओढला जाऊन खळगा पडत असेल, तर रोग बळावला आहे असे समजावे. याशिवाय मूल अंगावर पिईना, पाणीही घेईना, घेतलेले सर्व ओकू लागले, गळून पडले, जागे होईना, आकडी आली, ओठ-जीभ निळसर दिसू लागली, यांपैकी एकही खूण दिसली, तर मग सकाळची एस. टी., घरातील वडीलधाऱ्यांचा सल्ला, अर्धवट राहिलेली कापसाची वेचणी, कशासाठीही थांबू नये. 108 या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, जवळचे आरोग्य केंद्र गाठावे व तेथून सांगतील तर छत्रपती संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयापर्यंत जावे. न्यूमोनियाला वेळेवर साधे प्रतिजैविक व गरज पडल्यास प्राणवायू मिळाला, तर बहुतेक मुले वाचतात. दवाखान्यातून दिलेले औषध मूल हसू लागले म्हणून मध्येच बंद करू नये.

लांबलेला खोकला

दोन आठवड्यांहून अधिक खोकला, सोबत रेंगाळणारा ताप, वजन न वाढणे किंवा घटणे, असे असेल तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. मुलाला क्षय बहुधा घरातल्या मोठ्या माणसाकडून येतो. आजोबांचा 'जुना खोकला', काकांची 'तंबाखूची ढास' म्हणून आपण ज्याकडे दुर्लक्ष करतो, त्याची थुंकी आधी तपासावी. सरकारी दवाखान्यात तपासणी व औषध विनामूल्य मिळते, व नोव्हेंबर 2024 पासून उपचार चालू असलेल्या रुग्णास पोषणासाठी महिना एक हजार रुपये मिळतात. यात लपविण्यासारखे काही नाही. लपविल्यानेच तो घरभर पसरतो.

कधी कधी शाळकरी मुलाचा खोकला दिवसभर चालतो व झोप लागताच पूर्ण थांबतो. तेथे छातीपेक्षा मनावरचे ओझे शोधावे लागते. अशा मुलाला रागावू नये.

बाटलीविषयी चार शब्द

आपल्या समजुतीप्रमाणे डॉक्टरने बाटली दिली नाही तर तपासलेच नाही. या समजुतीची किंमत किती मोठी असू शकते ते 2025 मध्ये दिसले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात 'कोल्ड्रिफ' नावाचे खोकल्याचे सिरप घेतल्यावर वीसहून अधिक बालके मूत्रपिंड निकामी होऊन दगावली. त्यांपैकी कित्येकांवर आपल्या नागपुरात उपचार चालू होते. तपासणीत त्या औषधात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष शेकडा 48.6 निघाले. मर्यादा शेकडा 0.1 एवढीच आहे. हे विष दिसावयास व चवीला औषधातल्या ग्लिसरीनसारखेच गोड, म्हणून घात होतो. हा प्रकार नवा नाही. अमेरिकेत 1937 मध्ये अशाच औषधाने शंभराहून अधिक माणसे मेली. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात 1986 मध्ये दूषित ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले व त्यावर न्यायमूर्ती लेंटिन यांचा चौकशी आयोग बसला. गॅम्बिया देशातही 2022 मध्ये भारतात तयार झालेल्या सिरपांशी साठाहून अधिक बालकांच्या मृत्यूंचा संबंध जोडला गेला.

कारखानदाराचा व तपासनिसाचा दोष आहेच व त्यांना जाब विचारला पाहिजे. पण मन विषण्ण होते ते या विचाराने की अशा पुष्कळ मुलांना त्या बाटलीची मुळात गरजच नव्हती. ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने बजावले की दोन वर्षांच्या आतील मुलांना खोकल्याची व सर्दीची औषधे देऊ नयेत, व पाच वर्षांच्या आत ती सामान्यतः देण्याजोगी नाहीत. तेव्हा दुकानातून स्वतःच्या मनाने बाटली आणू नये, मोठ्या भावाची उरलेली धाकट्याला पाजू नये, आणि चमचा घरचा न घेता मापाचा घ्यावा.

मग घरी काय करावे ?

अंगावर पिणाऱ्या बाळास वारंवार पाजावे. मोठ्यास कोमट पाणी, वरणाचे पाणी, पेज थोडे थोडे द्यावे. कन्नड-खुलताबादकडे आले मुबलक पिकते. मोठ्या मुलास आले-तुळशीचा कोमट काढा देण्यास हरकत नाही. झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिल्याने रात्रीचा खोकला कमी होतो. परंतु एक वर्षाच्या आतील बाळास मध चाटवू नये. त्यातून क्वचित लुळेपणा आणणारे विष निर्माण करणारे जंतू पोटात जातात. जन्मल्याबरोबर मध चाटविण्याची आपली रीत प्रेमाची खरी, पण ती सोडावयास हवी. नाक चोंदले तर मिठाच्या पाण्याचे तयार थेंब नाकात घालावेत. तेल किंवा तूप नाकात घालू नये, ते फुप्फुसात उतरून दाह करते. उकळत्या पाण्याच्या भांड्यावर मुलाला धरून वाफ देऊ नये. त्याने भाजलेली मुले दवाखान्यात येतात.

आणि धूर. चुलीत पऱ्हाट्या पेटवून त्याच खोलीत बाळाला निजवावयाचे, शेजारी बसून बिडी ओढावयाची, वर मच्छरांसाठी धूप घालावयाचा, आणि मग खोकला का जात नाही म्हणावयाचे, हे बरे नव्हे. गॅस घरात असेल तर निदान बाळाच्या खोलीत चूल नको. नसेल तर चूल पडवीत घ्यावी. याचबरोबर न्यूमोनियाच्या एका मोठ्या कारणावरील पी. सी. व्ही. लस 2021 पासून देशभर सरकारी कार्यक्रमात विनामूल्य मिळते : सहा आठवडे, चौदा आठवडे व नऊ महिने. गोवराची लसही चुकवू नये, कारण गोवरामागून न्यूमोनिया येतो. ऊसतोडीला किंवा दुसऱ्या कामासाठी गाव सोडणाऱ्या कुटुंबांनी लसीचे कार्ड भाकरीच्या फडक्याबरोबर बांधून घ्यावे. कोणत्याही गावच्या आरोग्य केंद्रात पुढची मात्रा मिळते.

तात्पर्य असे की खोकला मोजू नका, श्वास मोजा. मूल खोकते आहे पण खेळते आहे, पिते आहे, श्वास शांत आहे, तर धीर धरावा. श्वास वेगाचा आहे किंवा बरगड्यांखाली खळगा पडतो आहे, तर धाव घ्यावी. आज येथे माताभगिनी मोठ्या संख्येने आल्या आहेत, परंतु माझी विनंती पुरुषांना विशेष आहे. रात्री दोन वाजता मूल जागवते तेव्हा बहुधा आई एकटी त्याच्याजवळ असते, पण दवाखान्यात न्यावयाचे की नाही हे ठरविणारे दुसरेच असतात. तिने मिनिटभर श्वास मोजून 'हे बरे नाही' असे सांगितले, तर तिच्याशी वाद न घालता गाडी काढावी.